घरच्यांची बोली

"सहाशे," आर्डिसने नंबराची पाटी वर केली आणि अंगणातले चाळीस बाप्ये एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

मेलेल्याच्या पोरांनी बोली लावली की बाकीच्यांनी तोंड मिटायचं. मोंटानाच्या या कोपऱ्यात हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण मोडतही नाही. नवीकोरी हॅट घालून शहरातून आलेल्या दातांच्या डॉक्टरने हात उचलला, तेव्हा शेजारचा म्हातारा नेल्स त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "घरच्यांची बोली लागलीये, साहेब." डॉक्टरने हात खिशात घातला.

टेबलावर आर्डिसच्या वारलेल्या बापाची रायफल होती. खालचा लिव्हर ओढून गोळी चढवायची, शंभर वर्षांची, दस्त्याचं लाकूड गालाने घासून काळं पडलेलं. दहा वर्षांमागे तिला कुणी तीनशे डॉलर दिले नसते. मग टीव्हीवर गुराख्यांच्या मालिका सुरू झाल्या, आणि आयुष्यात ससाही न मारलेल्या लोकांना भिंतीवर अशी रायफल हवीशी झाली. बापाचे हात कापायला लागल्यापासून घरात खाल्लेलं प्रत्येक हरीण आर्डिसने या रायफलीने पाडलं होतं. बाकी सगळं जाऊ दे, एवढी एक मला मिळू दे, असं ती आठवडाभर घोकत होती.

"सहाशे, एक वार," लिलाव पुकारणाऱ्या डुएनने तिच्यासाठी घाई केली. "सहाशे, दोन वार—"

"हजार."

तिचा धाकटा भाऊ कर्ट गाडीला टेकून फोन बघत होता. त्याने मानही वर केली नाही.

"कर्ट, तू माझ्यावर बोली लावतोस?"

"मीही घरचाच की, आर्डी."

"हरणाचं पोट फाडलेलं बघून ओकायचास तू! काय करणारेस तिचं?"

"विकणार. तू सहाशेला उचललीस तर माझ्या वाट्याला तीनशे. बिलिंग्सला एक दुकानदार तेवीसशे घेऊन बसलाय. मी काय खुळा आहे?"

"अकराशे," आर्डिस म्हणाली.

"बाराशे."

ती अठराशेवर गेली. स्वतःची घोडी विकून आलेले तेवढेच होते.

"अठराशे पन्नास," कर्ट म्हणाला.

आठ दिवसांमागे त्याने फोनवर फार मायेने विचारलं होतं, "घोडीचे किती आले गं?" तिने सांगितलं होतं.

डुएनने तीन वार म्हणताना जमिनीकडे बघितलं. कर्टने रायफल मागच्या सीटवर आडवी टाकली. "पाचला दुकान बंद होतं त्याचं. बाकीचं तू बघ, आर्डी. माझे अर्धे खात्यात टाक." गाडी गेली.

पुढचा ट्रॅक्टर. जमीन भाड्याची होती, एक तारखेला सोडायची होती. ट्रॅक्टरच्या पैशात आर्डिसला गावात दोन खोल्या बघायच्या होत्या.

"पंधरा हजार?" डुएन म्हणाला. "दहा? पाच? अरे मंडळी, हजार तरी?"

चाळिसांतली एकही पाटी वर झाली नाही.

"एक डॉलर," नेल्स म्हणाला.

कुणी हसलं नाही. मिळेल त्या बोलीला सोडायचं, असं बापानेच मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं. आर्डिसने घाबरून पाटी उचलली.

"हात खाली घे, पोरी," नेल्स हळूच म्हणाला. "हे तुला नाही. त्या हरामखोराला आहे."

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. आजोबा सांगायचे, दुष्काळात बँकेने लिलाव पुकारला की शेजारी अशीच सेंटा-सेंटाची बोली लावायचे, आणि उन्हं उतरली की सगळं घरधन्याला परत करायचे. तिने पाटी खाली घेतली.

गवत बांधायचं यंत्र एक डॉलर. ट्रेलर एक डॉलर. खोगीर पन्नास सेंट. दर बोलीला ती मान हलवून आभार मानत होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही. तिने आत जाऊन मोठ्या भांड्यात कॉफी चढवली आणि घरातले सगळे कप बाहेर काढून चाळीसही जणांना स्वतःच्या हाताने दिली.

ती परत आली तेव्हा ट्रॅक्टर नेल्सच्या ट्रेलरवर चढलेला होता. तो साखळ्या आवळत होता.

"वर कशाला चढवलात, नेल्स काका? इथंच असू दे ना. मला परत विकावाच लागेल."

नेल्सने तिच्याकडे बघितलं. खरंच न कळल्यासारखं.

"परत?" तो म्हणाला. "पावती केलीये मी, आर्डिस."

"पण तुम्ही म्हणालात, कर्टला धडा—"

"मग? मिळाला की! पावणेदोन डॉलर येतात त्याच्या वाट्याला." त्याने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप तिच्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.

त्याच्या मागे माल लादलेल्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडी तिच्यापाशी आली की जरा थांबायची, खिडकीतून एक हात बाहेर यायचा आणि रिकामा कप तिच्या हातातल्या कपांवर ठेवायचा.

"कॉफी झकास झाली हं, आर्डिस."