बावीस रकाने

घशाच्या ऑपरेशनआधी आईने आपल्या घोगऱ्या आवाजात चाळीस वाक्यं रेकॉर्ड करून दिली होती. ऑपरेशनने आवाज गेला. लेकाने त्या वाक्यांचा प्रोग्रॅम केला, बटण दाबलं की आई बोलायची. प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या जपायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, याचा बावीस रकान्यांचा तक्ता तो सात महिने भरत होता. "अरे, कुठलंही एक घे ना बाबा!" बायको म्हणायची. "घाईत घेऊन पुढे पस्तावायचं कोणी?" तो म्हणायचा. रविवारी त्याने हौसेने आवाजातला घोगरेपणा साफ केला आणि त्याच फाइलींवर सेव्ह केलं. आईने बटण दाबलं. कोणीतरी गोड गळ्याची बाई म्हणाली, "पंखा बंद कर." आईने नकारार्थी मान हलवली, पाटीवर लिहिलं, "माझा आवाज लाव." "माझ्याकडून पुसला गेला गं, आई." त्याच्या चेहऱ्याकडे बघत आईने दुसरं बटण दाबलं. "असू दे रे, राजा," ती बाई म्हणाली.