आडवी टाकी

तिघी बहिणींतल्या मधलीने काठी टाकीच्या तोंडातून तळाला टेकवली आणि बाहेर काढली. टाकी काठोकाठ भरलेली होती. काठीच्या ओल्या भागाएवढा दोरा घेऊन तिने तो तिपदरी दुमडला आणि खिळ्याने काठीवर दोन चरे ओढले.

"तीन सारखे भाग. आता कुणी बोलायचं नाही."

"अगं, पण बाबांचं शेवटपर्यंत सगळं तूच केलंस," धाकटी म्हणाली. "दोन कॅन जास्त घेतलेस तर आमचं काय जाणार आहे?"

"मुलगी होते मी त्यांची, नर्स नव्हते. आणि कॅन मोजायचेच नाहीत. तुमचे अर्धे भराल आणि माझे गच्च. ओळखून आहे मी. काठी सांगेल तेच. एक थेंब जास्त दिलात तर सगळं मोरीत ओतीन."

ओतलंही असतं तिने. बाबांनी गाळलेलं हे शेवटचं गुलाबपाणी. उद्या ही जागा सोडायची होती. मोठीचं शिवणाचं दुकान होतं, धाकटीला नोकरी होती. मधलीला या टाकीतून जे मिळेल तेवढंच.

मोठी टाकीसमोर उभी राहिली. आडवं पडलेलं पिंप, दोन्ही टोकांना गोल चकत्या. गोल घेर कापण्यात तिचा जन्म गेलेला. मनातल्या मनात तिने त्या चकतीवर दोन आडव्या रेघा मारल्या आणि कात्री चालवली. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा, नुसत्या फाकी. मधला पट्टा केवढा तरी मोठा. लांबी काय, तिघींना सारखीच.

ती बोलणार होती. मग तिने ओठ मिटले, टाचण्या धरल्यासारखे.

"आधी मी," ती म्हणाली. "मोठी आहे. मग तू, शेवटी ही."

"म्हणजे गाळ माझ्या वाट्याला!" धाकटी हसली.

अंदाजाने प्रत्येकीने आठ-आठ कॅन आणले होते. मोठीचा सातवा भरला आणि पाणी पहिल्या चऱ्याला आलं. आठवा रिकामाच राहिला.

"झालं माझं."

मग मधली टाकीच्या नळाशी बसली. दुपारचं ऊन खिडकीतून थेट टाकीच्या तोंडात उतरलं होतं. वासाने पापण्या जड झाल्या. कुणी काही बोललं की नुसतं वाटलं, कळेना. धाकटीने आत डोकावलं.

"गंमत बघ. पाणी कमी होतंय आणि रुंद होतंय."

उन्हाचा तुकडा त्या पाण्यावर झोपेत कूस बदलावी तसा हलला.

आठवा कॅन भरला. मधलीने काठी बुडवून पाहिली. "दुसरा चरा अजून पाण्यातच आहे. काहीतरी चुकतंय."

"काठी कुणी आखली?" मोठीने विचारलं.

"मी."

"दोरा कुणी दुमडला?"

"मीच."

"मग भर की." मोठीने आपला रिकामा कॅन पायाने नळाखाली सरकवला.

तोही भरला. चरा पाण्यातच.

धाकटीने मोठीकडे पाहिलं. तिचे ओठ तसेच मिटलेले. धाकटीने टाकीच्या गोल टोकावरच्या धुळीत बोटाने दोन आडव्या रेघा ओढल्या, थोडा वेळ बघत राहिली आणि तळव्याने पुसून टाकल्या. मग आपल्या आठांतला एक कॅन उचलून तिने मधलीपुढे ठेवला.

"मी एक जास्तच आणला होता."

मधलीने तिच्याकडे पाहिलं, मग मोठीकडे, मग हातातल्या काठीकडे. काठी तिची होती. चरेही तिचेच होते.

"वास डोळ्यांत जातोय," पदराने डोळे पुसत ती म्हणाली आणि तिने नळ सोडला.