झाकल्या नावाचा पेपर

समोरचा चहा निवत होता आणि व्यंकटराव सरांचं लक्ष व्हरांड्यापलीकडच्या केबिनकडे होतं. तिथे जीवनभोवती आज पुन्हा माणसं जमली होती. पाटबंधारे खात्याचे साहेब, नदीकाठच्या एका गावचे सरपंच आणि वर एक पत्रकार. येलदरी धरणात किती पाणी येणार हे जीवनचं मॉडेल आधीच सांगतं, अशी चर्चा परभणीभर झाली होती.

"आधी कळलं तर नदीवरच्या मोटारी तरी काढून घेता येतात, साहेब," सरपंच हात जोडून म्हणत होते.

व्यंकटरावांच्या पोटात दुखायला लागलं. जीवन त्यांचाच विद्यार्थी. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा तो सरांच्या घरी राहून शिकला, पीएचडीही त्यांच्याच हाताखाली केली. आता कॉलेजात त्यांच्याच विभागात नोकरीला लागला काय, आणि लोक खुद्द व्यंकटरावांनाच विचारायला लागले, "जीवन सर हायेत का?"

त्यांचं स्वतःचं घोडं मात्र अडलं होतं. प्रोफेसरपदाच्या मुलाखती याच वर्षी व्हायच्या होत्या आणि अर्जाला एक चांगला पेपर कमी पडत होता. पुढच्या वर्षी निवृत्ती. ही संधी हुकली की संपलं. दारावरची पाटी आहे तशीच उतरणार, या विचारानं त्यांना घास गोड लागत नव्हता. विभागात सगळ्यांना ते ठाऊक होतं, तोंडावर कुणी बोलत नव्हतं एवढंच.

पाहुणे गेले तसा जीवन आत आला. "सर, तुमचं ते जुनं काम हाय न्हवं, पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा अंदाज काढायचं? ते वापरायलोय मी. चालंल ना?"

"वापर की. तुला आता नाही कोण म्हणणार?"

टोमणा जीवनला कळला नाही, किंवा त्यानं तसं दाखवलं नाही. जाता जाता म्हणाला, "मुलाखतीची तारीख कळली का सर तुमची?"

"कळेल तेव्हा कळेल," व्यंकटराव म्हणाले. पोरगं मुद्दाम डिवचतंय, असंच त्यांना वाटलं.

पुढे पावसाळा सरला, आणि एके दिवशी परमेश्वरचा फोन आला. तो त्यांचा वर्गमित्र, आता पुण्यात मोठा प्राध्यापक. "व्यंकट, एका जर्नलनं माझ्याकडं पेपर तपासायला धाडलाय. धरणाबिरणाचा हाय, तुझ्याच विषयाचा. मला परीक्षांच्या धबडग्यात श्वास घ्यायला फुरसत न्हाई. तू वाचून मत लिहून दे, मी माझ्या नावानं लावून देतो."

असली कामं अशीच उसन्या हातानं उरकतात. दोघांनाही त्यात काही नवल नव्हतं.

तपासणाऱ्याला लेखक कळू नये म्हणून पेपरवर नाव नव्हतं. पण दुसऱ्याच पानावर येलदरी आली आणि झाकलेलं नाव व्यंकटरावांना लख्ख दिसलं. त्यांनी एका बैठकीत पेपर वाचून काढला. पेपर उत्तम होता. दुखणं तेच तर होतं.

शेवटी त्यांनी संदर्भांमध्ये स्वतःचं नाव शोधलं. पेपरचा सगळा पाया त्यांच्या जुन्या पद्धतीवर उभा होता. ती पद्धत त्यांनी एकट्यानं मांडलेली, जीवन तेव्हा शाळेत होता. पण जिथे त्यांचं नाव यायला हवं, तिथे लिहिलं होतं, 'लेखकांचं स्वतःचं आधीचं काम, नाव झाकलं आहे.'

व्यंकटराव ताडकन उभे राहिले. स्वतःच्या जुन्या पेपरचा उल्लेख असा झाकून करायचा, हा या जर्नलांचा नियम त्यांना पाठ होता. म्हणजे यानं माझं काम सरळ स्वतःच्या नावावर घातलं! माझ्या घरात जेवून माझ्याच ताटात हात!

राग आलाच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना हायसं वाटलं. इतके दिवस नुसता मत्सर होता, त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. आता त्याला न्यायाचं नाव देता येत होतं. जीवन व्हरांड्यापलीकडेच बसला होता. एक हाक मारून विचारलं असतं तर भागलं असतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि लिहायला बसले. मूळ पद्धत दुसऱ्या संशोधकाची आहे, लेखकांनी ती चोरली आहे, अशांना पुन्हा थारा देऊ नये.

"लय कडक लिहिलंस बाबा," परमेश्वर फोनवर म्हणाला.

"चोरी ती चोरी. एक अक्षर बदलू नको."

त्या दिवशी व्यंकटराव दोनदा वाढून घेऊन जेवले.

महिनाभरात निकाल लागला. जीवन केबिनमध्ये आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच. "सर, येलदरीचा पेपर परत आला. चोरीचा ठपका ठेवलाय. ते आमचं काही म्हणून छापणार न्हाईत आता. कॉलेजलाही कळवलंय."

व्यंकटरावांना आतून उकळ्या फुटत होत्या. तरी ते उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं चालायचंच. तू तरुण आहेस. दुसरा लिहिशील."

"माझं काय हो सर, मी लिहीन." जीवनचे डोळे भरून आले. "पण तुमची मुलाखत सोमवारवर आली. तुमाला आधी सांगितलं असतं तर तुमी नको म्हणला असता, म्हणून छापून आल्यावरच हातात ठेवायचा म्हणलं होतं. पहिलं नाव तुमचं टाकलं होतं, सर."