खाली माणसं आहेत

"खाली माणसं आहेत, साहेब. मी उडवणार नाही."

ड्रोनवालीने पेटी उघडलीच नाही. पुलाच्या खालच्या बाजूची पाहणी करायची होती. कुठे तडा गेलाय का, गज उघडे पडलेत का, ते बघायचं होतं. आणि पुलाखाली तर गावच वसलेलं. एका खांबाला टेकून चपला शिवणारा, दुसऱ्याशी इस्त्रीवालीचं टेबल, मागे पत्र्याच्या खोल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत पोरांचा धुडगूस. अशा ठिकाणी ते यंत्र वर गेलं आणि वाऱ्याने खांबावर आपटलं, तर कुणाच्या तरी टाळक्यातच येणार.

पुलाचे इंजिनियर साहेब चिडतील, अशी तिची तयारी होती. याआधीच्या कामांवर शिव्या खाऊन झाल्या होत्या. "जरासं काम आणि हिचे नखरे बघा," हे तर आता तिला पाठच होतं. पण हे साहेब हसले.

"शंभर टक्के बरोबर. जिवापुढे काम मोठं नाही." त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढे धरला. "वरच्या ऑफिसला तुम्हीच सांगा, मॅडम. आमचं कोण ऐकतंय?"

तिने सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. पाती कशी धारदार असतात, बॅटरी कशी पेट घेते, आणि शेवटी ठासून म्हणाली, "इथे लोकांच्या जिवाला धोका आहे."

"धोका आहे, असं तुमचं म्हणणं?" पलीकडच्या आवाजाने विचारलं.

"हो. माझंच म्हणणं."

साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला. आजवर तिचा नियम कुणी इतक्या गोडीने मानला नव्हता. तिला बरं वाटलं. का वाटू नये?

चहा निवायच्या आत ट्रक आला, पोलिसांची गाडी आली आणि मागोमाग बुलडोझर.

चपला शिवणाऱ्याने पेटी डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला. त्याला सवय असावी. इस्त्रीवाली मात्र टेबलाभोवती धावत होती. "अरे, लोकांचे कपडे आहेत! माझे नाहीत रे, लोकांचे आहेत!" टेबल आडवं झालं. कडक घडीचे शर्ट चिखलात पसरले आणि त्यांच्यावरून कुणाचे तरी बूट गेले.

ड्रोनवाली साहेबांकडे धावली. "अहो, मला फक्त तासभर बाजूला करायचे होते सगळे!"

"आणि पुढच्या पाहणीला? पुन्हा तासभर?" साहेब शांतपणे म्हणाले. "किती वर्षं मागे लागलोय आम्ही. दर वेळी कुणीतरी आडवं यायचं, माणुसकीच्या गोष्टी सांगायचं. आज कोण येणार आडवं? त्यांच्याच जिवासाठी तर चाललंय." मग आदबीने म्हणाले, "उपकार आहेत तुमचे, मॅडम."

तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण धरणार कोणत्या तोंडाने? आयतं कोलीत तिनेच हातात दिलं होतं, वर फुंकरही मारली होती.

दुपारपर्यंत सगळं साफ झालं. शेवटची पोरं ट्रकच्या मागे पळत गेली.

"उडवा आता," साहेब म्हणाले. "खाली चिटपाखरूसुद्धा नाही."

तिने उडवलं. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. कारण होतं ते ट्रकमध्ये भरून गेलं होतं. यंत्र पुलाच्या पोटाखालून सरळ गेलं आणि सरळ आलं. वारा नव्हताच, ते जरासुद्धा डगमगलं नाही. पडद्यावर नुसतं काँक्रीट सरकत राहिलं. पूल धडधाकट होता. कुठे केसाएवढा तडा नव्हता.

तिने यंत्र खाली उतरवलं तेव्हा इस्त्रीवाली रस्त्याच्या कडेला लोकांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवायचं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती उठून जवळ आली.

"हेच का ते?"

"हो, मावशी. हे वरून पडलं असतं, तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यात..." ड्रोनवालीने वर पुलाकडे बोट दाखवलं. "म्हणून मी नको म्हटलं होतं."

इस्त्रीवालीने यंत्र एका हाताने उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि होतं तिथे ठेवून दिलं.

"पडू द्यायचं होतंस, पोरी," ती म्हणाली. "एकाचंच डोकं फुटलं असतं."