स्वच्छ हिरा

"चाळिसाव्या दिवशी भात शिजलाच पाहिजे, फिंदा. उपाशी ठेवू नकोस माझ्या लेकाला." अंथरुणाला खिळलेल्या सासूनं पहाटेच बजावलं होतं.

गेलेल्या माणसाच्या नावानं भात वाढायचा तो चाळिसावा दिवस आज होता. आणि आजच बेल्जियमची बाई हिरा बघायला यायची होती.

"वहिनी, आधी चूल विझव," दलाल मोमोह अंगणात शिरता शिरताच म्हणाला. "एवढा भात बघून ती विचारणार, कोण गेलं? ज्या खड्ड्यात माणूस मेला तिथला हिरा तिला चालत नाही. तिला स्वच्छ लागतो."

"आणि नाही घेतला तर?"

"तर घाल गावच्या दुकानात, मीठ-मिरचीच्या भावानं. आणि वाढव त्यात तीन पोरं."

नदीकाठची दरड ढासळली तेव्हा तिचा नवरा साहर खड्ड्यात होता. अजून तिथंच होता. त्यानं आदल्या दिवशी वर टाकलेली खडी फिंदानं एकटीनं चाळली, तेव्हा हा हिरा हाती लागला.

तिनं चुलीत पाणी ओतलं. भात अर्धा कच्चाच राहिला.

बाई आली. हसरी, मवाळ. तिनं प्रश्नांचा छापील कागद काढला. ती विचारी, मोमोह फिंदाच्या बोलीत सांगे.

"हिरा कुणी काढला?"

"माझ्या नवऱ्यानं. साहरनं."

"कुठे आहेत ते?"

फिंदानं नदीच्या वाटेकडे पाहिलं. "फ्रीटाऊनला गेलाय, कामाला," मोमोहनंच ठोकून दिलं.

"खड्ड्यात कुणाला काही इजा?"

या खेपेला बाई थेट तिच्याकडेच बघत होती.

"नाही," फिंदा म्हणाली.

"काम संपल्यावर खड्डा बुजवला?"

"बुजला."

"बुजवला," मोमोहनं बाईच्या भाषेत सांगितलं.

बाई हरखली. "लोक तसेच उघडे टाकून जातात हो! जमिनीची इतकी काळजी कोण करतं?" तिनं शेवटच्या रकान्यात खूण केली, पैसे मोजून दिले आणि हिरा एका छोट्या कागदाच्या घडीत ठेवला.

गाडीत बसताना तिनं फिंदाचा हात हाती घेतला. "हा एका नवरीच्या बोटात जाणार आहे. तुमच्या नवऱ्याला तिच्या वतीनं आभार सांगा. सांगाल ना?"

मोमोहनं ते सांगितलं, पण जमिनीकडे बघत.

"सांगते," फिंदा म्हणाली. "आजच सांगते."

गाडी वळणाआड गेली. फिंदानं कच्च्या भाताचं पातेलं झाकलं, डोक्यावर घेतलं आणि नदीची वाट धरली.