नेकनूरची गिटार

"ही नको. पुढची लाव," महारुद्र म्हणाला.

पुतण्या रुद्रेशनं कळ दाबली. कंप्युटरातून सहावी गिटार वाजू लागली. पुण्याहून आणलेल्या त्या सीडीत अकरा गिटारी होत्या आणि एकीलाही ना लाकूड, ना तार. कीबोर्डवर बोट ठेवलं की बिचाऱ्या मुकाट वाजायच्या.

"हिला काय झालं आता?"

"सर्दी झाल्यावानी वाजतीय. पुढची."

रुद्रेशनं कपाळावर हात मारून घेतला. केजच्या बसस्टँडमागं महारुद्रचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागल्या खोलीत स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून लोक भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकतात, पण महारुद्रच्या बायकोनं, दानम्मानं, बजावलं होतं, की अंड्याची टरफलंसुद्धा ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. म्हणून भिंतींवर गोधड्या होत्या. त्या गोधड्यांच्या आत देवीची, लग्नाची, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी तयार होत. आणि त्या सगळ्या गाण्यांतली गिटार बावीस वर्षं एकाच माणसाची होती. नेकनूरच्या बिभीषणची.

अडचणही बिभीषणचीच होती. पूर्वी तो सकाळच्या एसटीनं यायचा आणि दुपारपर्यंत चार गाणी वाजवून मोकळा व्हायचा. गेली दोन वर्षं तो केजला फिरकला नव्हता. कडव्यांच्या मधले तुकडे घरीच टेप करायचा आणि कॅसेट बसच्या कंडक्टरबरोबर पाठवायचा, तीही आठ-दहा दिवसांनी. फोन केला तर बीडला कंप्युटरच्या क्लासमध्ये शिकवणारी त्याची मुलगी तेजश्री बोलायची. "काका, लाईटच नव्हती बघा. म्हणून उशीर झाला."

लातूरच्या व्यापाऱ्याला माल चार दिवसांत लागायचा. परवा त्यानं साफ सांगितलं होतं, वेळेत देत असाल तर द्या, नाहीतर मी दुसरा बघतो.

"आज ठरवूनच टाका," रुद्रेश म्हणाला. "बिभीषणकाकाला आता न्हाई म्हणून सांगा. मी बोलू का?"

"तू गप बस."

महारुद्र खुर्चीत मागं रेलला. त्याला आष्टीची जत्रा आठवली. तेव्हा दोघं पंचविशीत होते आणि त्यांचा ऑर्केस्ट्रा ट्रकच्या हौद्यात उभा राहून वाजायचा. भर गाण्यात जनरेटर बंद पडला, माइक मेला, लोक शिट्ट्या मारायला लागले. बिभीषणनं ट्रकमधून खाली उडी मारली आणि गिटार वाजवत सरळ गर्दीत शिरला. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. हजारभर माणूस श्वास धरून ऐकत होतं. महारुद्रनं त्या संध्याकाळी हार्मोनियमचा भाता सोडून दिला होता आणि तोही नुसता ऐकत राहिला होता. असा माणूस फोनवरून कसा काढून टाकायचा?

"त्याची शेवटची कॅसेट लाव," तो म्हणाला.

आधी टेपची खरखर आली, मग गिटार.

"ऐक. तिसऱ्या मात्रेवर कसा जरासा रेंगाळतोय. बोट सरकलं की तार कुरकुरती, ऐकलंस? आन् ही बघ, मागं कोंबडी वरडली. हाय का तुझ्या सीडीत कोंबडी?"

"कोंबडीचं सोडा. बाकी समदं ह्यातबी जमतं, काका. एकेक सूर धरून मागंपुढं सरकवत बसायचं. पण एका गाण्यापायी माणूस म्हातारा व्हईल. कोण बसतंय?"

"मग झालं तर! ह्याच्यात जीव हाय, बे. तुझ्या अकराच्या अकरा मेलेल्या हायेत." महारुद्र उठला. "लातूरवाल्याला सांग, आमच्याकडं खरी गिटार असती, तिला येळ लागतो. थांबायचं तर थांब म्हणावं."

"आन् त्यो गेला तर?"

"गेला तर गेला."

एवढं बोलल्यावर त्याला हलकं वाटलं. रविवारी पावशेर पेढे घेऊन तो नेकनूरच्या एसटीत बसला. दोन वर्षांत आपण एकदाही गेलो नाही, ह्याची वाटभर त्याला लाज वाटत होती.

बिभीषण ओसरीत बाजेवर बसला होता. डाव्या हाताला उपरणं गुंडाळलेलं, दाढी पांढरी झालेली. महारुद्रला बघून तो धडपडत उठला आणि उजव्या हातानंच त्याला मिठी मारली. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. महारुद्र त्यांच्याकडं बघून हसला.

"ह्यातली गाणारी कोणची, बे?"

बिभीषण हसला नाही. महारुद्रला मात्र राहवलं नाही. पेढ्याचा पुडा हातात तसाच धरून त्यानं सगळं सांगून टाकलं. सीडी, लातूरचा व्यापारी, रुद्रेशचा हट्ट. "पोरगं म्हनतं कंप्युटरची गिटार घ्या. मी म्हनलं, गिऱ्हाईक गेलं तरी चालंल, पण बिभीषणाच्या बोटात हाय ते मशिनीत न्हाई. मी हाय तवर तूच वाजवायचं."

चहा घेऊन येणारी तेजश्री दारातच थांबली. बिभीषणची मान खाली गेली.

"कावून गप झालास? काढ की गिटार. समोर बसून ऐकून किती दिवस झाले."

बिभीषणनं दातांनी उपरण्याची गाठ सोडली. डाव्या हाताला फक्त अंगठा होता.

"कडबा कापायच्या मशिनीत गेली बोटं," तो म्हणाला. "दुसरं वरीस संपलं."

महारुद्र त्या हाताकडं बघत राहिला. बिभीषणनं मुलीला खूण केली. तिनं चहाचे कप खाली ठेवले, कोपऱ्यातल्या टेबलावरची चादर ओढून काढली आणि बटण दाबलं. काचेच्या पडद्यावर हळूहळू उजेड आला.

"काका," तेजश्रीनं विचारलं, "गिटार कोणची लावू?"