प्रत्येक फाइलीची पहिली ओळ

शर्वाणीने लॅपटॉप मीटिंगच्या टेबलावर आपटलाच. टीमच्या पाचही प्रोजेक्टचा जावास्क्रिप्ट कोड एकाच वळणाचा असावा, म्हणून तिने भांडून भांडून कोड आपोआप तपासणारं नियमांचं एकच पॅकेज सगळ्यांना लावलं होतं. आणि आज कळलं, की प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एक ओळ बसली आहे: या फाइलीची तपासणी बंद!

"दोन वर्षं तपासणीचा रिपोर्ट हिरवागार, एकही चूक नाही असा येत होता, तो यामुळे?" ती कडाडली. "नियम पटत नव्हते तर तोंडावर सांगायचं होतंत. ही चोरवाट काढली कुणी? मला नाव हवंय."

टीममधली नाझनीन म्हणाली, "अगं, आम्हाला ती ओळ नियमांतलीच वाटली. तू नमुना म्हणून दिलेली फाइल आहे ना, तीच कॉपी करून आम्ही प्रत्येक नवी फाइल सुरू करतो."

"आता माझ्यावर ढकला!" शर्वाणीने तरातरा जाऊन सगळ्यांदेखत नमुना फाइल मोठ्या पडद्यावर उघडली.

पहिलीच ओळ: तपासणी बंद. शेजारी दोन वर्षांपूर्वीची टीप: "तात्पुरतं. उद्या नक्की काढते. शर्वाणी."